शिळेवरील नाव वाचावे कसे?



दरवर्षी १ जानेवारीला आपल्यापैकी हजारो कुटुंबे पुणे-नगर रस्त्यावरील भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जातात. परमपूज्य बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले होते, तेव्हापासून ही प्रथा वाढत गेली आहे. परंतु गर्दीत दुरून स्तंभ पाहणारे पुष्कळ आणि जवळ जाऊन त्यावरील नावे वाचणारे थोडे, असे दिसून येते. ज्यांच्यासाठी आपण जातो त्यांपैकी एकाचेही नाव विचारले, तर घरातील मुलाला सांगता येत नाही.

म्हणून या पाठात एकच प्रश्न घेऊ. स्मारकाच्या शिळेवर एका शिपायाचे नाव कोरलेले आहे. तो माणूस कोण होता, हे कसे शोधावे? शोध कोठवर न्यावा आणि कोठे थांबावे?

हा प्रश्न नवदीक्षित कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे. काही घरांत सांगतात, "आमचा पूर्वज त्या स्तंभावर आहे," आणि विचारले तर पुरावा नसतो. काही घरांत याउलट म्हणतात, "आता आम्ही बौद्ध झालो, जुन्या महारकीच्या नावांशी आमचा काय संबंध?" पहिल्या घरात पुराव्यावाचून स्वीकार आहे आणि दुसऱ्यात विचारावाचून त्याग आहे. तथागतांनी कोसल देशातील कालामांना जो उपदेश केला, त्यात हे दोन्ही बसत नाही. केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, तपासून पाहा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हीच कसोटी आपण शिळेवरील नावाला लावू.

१. प्रथम शिळा वाचा

स्मारकाचा अभ्यास स्मारकापासूनच सुरू करावा, पुस्तिकेपासून नव्हे. स्मारकाबद्दल चार गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात : ते कोणी उभारले, केव्हा उभारले, कोणत्या भाषेत लिहिले आणि कोणाची नावे घातली.

कोरेगावचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उभारला. त्याची पायाभरणी १८२१ साली झाली. म्हणजे लढाई आणि स्मारक यांत फार वर्षांचे अंतर नाही. नावे पलटणीच्या ताज्या कागदांवरून घेतली असणार, आणि म्हणून या शिळेला पुरावा म्हणून वजन आहे. लेख इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत आहे. स्तंभ ज्या जागी आहे ती पेरणे गावची हद्द, नदीच्या पलीकडे कोरेगाव. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्मारकाचे गाव हे लढाईचे गाव असते. शिपायाचे गाव नव्हे. "स्तंभ कोरेगावला, म्हणून शिपाई कोरेगावचे" असे अनुमान काढणे चूक आहे.

लढाईची हकीकत थोडक्यात अशी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुणे येथील घोडदळाची तुकडी आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. सारे मिळून आठशेच्या वर माणसे. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेच्या काठी दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फार मोठ्या फौजेशी त्यांची गाठ पडली. कंपनीच्या तुकडीने कोरेगावचा आश्रय घेतला. रात्र पडेपर्यंत गावात, घराघरांतून लढाई चालली. पेशव्याच्या फौजेला गाव घेता आले नाही व ती निघून गेली. कंपनीकडील मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे २७५ माणसे कामी आली किंवा निकामी झाली.

स्तंभावर मृत सैनिकांची ४९ नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. उरलेल्यांत मराठे, राजपूत, मुसलमान असे इतर समाजांचे शिपाई आहेत. हे आपण मोकळेपणाने सांगितले पाहिजे. "तेथे फक्त महारच लढले" असे शिळा म्हणत नाही. ज्या काळात पेशवाईत आपल्या माणसाला माणूस म्हणून मोजत नव्हते, त्या काळात एका यादीत, इतरांच्या रांगेत, त्याचे व त्याच्या बापाचे नाव कोरले गेले, हे शिळा म्हणते. हे सत्य पुरेसे मोठे आहे. त्यात भर घालण्याची गरज नाही.

२. नाव उलगडून पाहा

आता एक नाव घेऊ : सोमनाक कमळनाक नाईक.

यात तीन शब्द आहेत आणि तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सोमनाक' हे शिपायाचे स्वतःचे नाव. 'कमळनाक' हे त्याच्या वडिलांचे नाव. तिसरा शब्द 'नाईक'. आजच्या सवयीने आपण त्याला आडनाव समजतो आणि मग नाईक आडनावाच्या घरी शोध घेऊ लागतो. परंतु कंपनीच्या पलटणीत नाईक हा हुद्दा होता. शिपायाच्या वर नाईक, त्याच्या वर हवालदार, मग जमादार आणि सुभेदार, अशी देशी सैनिकांची चढती पायरी होती. तेव्हा सोमनाक हा साधा शिपाई नव्हता, काही माणसे त्याच्या हाताखाली होती, एवढे या एका शब्दावरून कळते. हुद्दा मिळण्यास काही वर्षांची चाकरी लागते. म्हणून तो अगदी नवा भरती झालेला पोरसवदा गडी नसावा, असा तर्क करता येतो. तो तर्क आहे, हे मात्र वहीत लिहून ठेवावे.

आता 'नाक'. मुंबई इलाख्यातील पलटणींच्या कागदांत आणि गावच्या वतनाच्या कागदांत महार पुरुषांच्या नावापुढे 'नाक' लावलेले आढळते. इंग्रजी कारकून ते तीन रोमन अक्षरांत लिहीत आणि शेवटी 'के' ऐवजी 'सी' घालीत. या प्रत्ययामुळेच स्तंभावरील २२ जणांची जात आज ओळखता येते. 'नाक' कोठून आला याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो 'नायक' पासून आला म्हणतात, काही 'नाग' शब्दाशी जोडतात. आपल्याला दुसरे मत जवळचे वाटणे स्वाभाविक आहे, कारण नागलोकांचा आणि बौद्ध धम्माचा संबंध बाबासाहेबांनी आपल्याला सांगितला आहे. परंतु मत जवळचे वाटले म्हणून ते सिद्ध होत नाही. मुलांना दोन्ही मते सांगावीत.

अक्षरांविषयीही सावध राहावे. त्या काळचे इंग्रज ऱ्हस्व 'अ' साठी पुष्कळदा 'यू' हे अक्षर लिहीत. 'पंजाब' हे नाव इंग्रजीत आजही तसेच लिहिले जाते. अशा लिखाणावरून कोणी 'गण' चे 'गुण' करतो, कोणी 'कमळ' चे 'कुमुल' करतो. म्हणून निरनिराळ्या पुस्तिकांतील याद्यांत एकाच माणसाच्या नावात एक-दोन अक्षरांचा फरक पडलेला दिसतो. अशा वेळी कोणती पुस्तिका खरी, यावर वाद घालू नये. शिळेवरील इंग्रजी आणि मराठी लेख एकमेकांशी ताडून पाहावेत.

३. सारखी नावे, निराळी माणसे

स्तंभावरील नावांत गणनाक तिघे आहेत : गणनाक बाळनाक, गणनाक धर्मनाक आणि गणनाक लखनाक. तिघांचे नाव एक, पलटण एक, मरणाचा प्रसंग एक. त्यांना वेगळे करणारी खूण एकच आहे, ती म्हणजे बापाचे नाव. समजा एखाद्या घरात म्हातारे माणूस सांगते की, "आमचा खापरपणजा गणनाक लढाईत पडला." तर पहिला प्रश्न हा विचारावा की, त्याच्या बापाचे नाव काय? ते सांगता आले नाही, तर तिघांपैकी कोणता गणनाक आपला, हे ठरविता येत नाही. चौथा एखादा गणनाक दुसऱ्याच लढाईत पडलेला असू शकतो, हेही आहेच.

याच यादीत गोपाळनाक बाळनाक असेही नाव आहे. गणनाक बाळनाक आणि गोपाळनाक बाळनाक हे सख्खे भाऊ असतील काय? मन लगेच 'होय' म्हणते. एका घरातील दोन मुले एका दिवशी पडली, अशी कथाही लगेच तयार होते. असे घडलेलेच नाही असे नाही, कारण एकाच गावातून, एकाच घरातून माणसे पलटणीत जात. परंतु 'बाळ' हे नाव आपल्यात किती घरांत होते, याचा विचार करा. दोन बाळनाक निरनिराळ्या गावचे असू शकतात. दोघांचे गाव एक आहे असे सांगणारा कागद हाती आला, तरच भाऊ असण्याची शक्यता बळावते. तोपर्यंत "दोघांच्या वडिलांचे नाव एक" एवढेच लिहावे.

शोधाचा मुख्य नियम यातून निघतो. केवळ नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही. नाव, बापाचे नाव, गाव, पलटण आणि काळ या पाच गोष्टींपैकी जितक्या जुळतील तितका पुरावा पक्का.

४. कागद कोठे असतात

शिळेने दिलेली माहिती संपली की कागदाकडे वळावे लागते. पलटणीत शिपायांचे हजेरीपट असत. लढाईनंतर मृत व जखमी यांची याद्यांसह खबर वर पाठविली जाई. मेलेल्या शिपायाच्या वारसाला निवृत्तिवेतन मिळण्याची सोय होती, आणि जेथे असा अर्ज झाला तेथे वारसाचे नाव येते. सैनिकाची आई किंवा विधवा शिळेवर कधीच नसते. ती भेटली तर अशा कागदातच भेटते. म्हणून या कागदांचे मोल मोठे आहे.

मुंबई इलाख्याच्या सरकारी दप्तरापैकी पुष्कळ भाग मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहे, काही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, आणि कंपनीचे लष्करी दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मात्र आशा बेताची ठेवावी. गोऱ्या सैनिकांच्या नोंदी तेथे भरपूर सापडतात. देशी शिपायांच्या वैयक्तिक नोंदी फार थोड्या उरल्या आहेत. १८१८ च्या शिपायाचे गाव सापडणे अवघड असते, ते याच कारणाने.

दुसरे दप्तर गावाचे. महार वतन १९५८ च्या कायद्याने नष्ट झाले. ते योग्यच झाले, कारण ते वतन म्हणजे गुलामीचा दोर होता. पण वतनाचे जुने कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि पुराभिलेखागारात अजून सापडतात. त्यांत वतनदारांची नावे पिढ्यांच्या क्रमाने येतात. ज्या दोराने आपल्याला बांधले होते, त्याच्याच कागदांत आपल्या वाडवडिलांची नावे लिहिलेली आहेत. पुष्कळसे जुने कागद मोडी लिपीत असतात. आपल्या शिकलेल्या मुलामुलींपैकी काहींनी मोडी शिकावी, असे मला शिक्षक या नात्याने आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्या घराचा इतिहास दुसऱ्याने वाचून सांगावा, ही पाळी आपल्यावर का यावी? याशिवाय शाळेचे जनरल रजिस्टर आणि गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही यांतून आजोबा-पणजोबांची नावे व तारखा मिळतात. शोध नेहमी आपल्यापासून मागे न्यावा. स्वतः, वडील, आजोबा, पणजोबा अशी पायरी चढावी. स्तंभावरील माणसापासून सुरुवात करून खाली स्वतःच्या घरापर्यंत येऊ पाहणारा बहुधा वाट चुकतो.

५. जेथे नाव नाही, केवळ आकडा आहे

कोरेगावच्या स्तंभानंतर शंभर वर्षांनी पहिले महायुद्ध झाले. महारांची लष्करातील भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली होती. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या करून तो अन्याय सरकारपुढे मांडला होता. युद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ साली, ती मोडण्यात आली. पुढे १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, ती आजही आहे.

पहिल्या महायुद्धाच्या लहान शिळा कोकणात आणि देशावर अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेल्या आढळतात. त्यांवर साधारण एवढेच असते : या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मृत्यू पावले. नाव एकही नसते.

मोठ्या स्मारकांवरही हेच घडले. इराकमधील बसरा येथे १९२९ साली एक मोठे स्मारक उघडण्यात आले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा ४०,००० हून अधिक लोकांचे ते स्मारक आहे. त्यात गोऱ्या शिपायाचेही नाव कोरलेले आहे. हिंदी अंमलदारांची नावे कोरली, पण साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव देऊन खाली केवळ संख्या लिहिली. त्यांची नावे होती. ती शिळेवर न घालता वहीत ठेवली गेली. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ साली चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव मान्य केला आणि क्षमा मागितली. हिंदी, आफ्रिकी व इतर मिळून किमान ४५,००० मृतांची नोंद गोऱ्यांच्या बरोबरीने झाली नाही, आणि एक लाखाहून अधिक मृतांचे नाव बहुधा कोठेच घातले गेले नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावे आहेत, पण त्या महायुद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या सुमारे ७४,००० होती.

म्हणजे १८२१ साली पायाभरणी झालेल्या कोरेगावच्या शिळेवर शिपायाच्या बापाचेही नाव कोरले गेले, आणि शंभर वर्षांनंतरच्या शिळेवर शिपायाचा नुसता आकडा झाला. काळ पुढे गेला म्हणून न्याय आपोआप पुढे जातो, असे नाही.

परंतु आकड्यावरूनही माणूस शोधता येतो. त्या आयोगाची नोंदवही आता संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तीत मृत सैनिकाचे नाव, क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला आहे. तुमच्या गावच्या शिळेवर "तिघे मृत" असे असेल, तर माणसाच्या नावाने न शोधता गावाच्या नावाने शोधा. गावाचे नाव इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहून पाहा, कारण साहेबाच्या कारकुनाने ते कसे लिहिले असेल याचा नेम नाही. तीन नावे सापडली, तर गावच्या आकड्याला पुन्हा माणसांची नावे मिळतील. मात्र या वहीत केवळ मृतांचीच नोंद आहे. युद्धाहून जिवंत परतलेल्यांसाठी दुसरे साधन पाहावे लागते.

६. पदकाची कड पाहा

ते साधन पुष्कळदा आपल्याच घरात, पत्र्याच्या पेटीत असते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर, रुपयाच्या कडेला कंगोरे असतात त्या जागी, बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. हिंदी सैन्यातील माणसांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही नाव असते. भिंग घेऊन ती कड वाचा. चांदीचे म्हणून पदक घासून चकचकीत करू नका. घासण्याने अक्षरे झिजतात. त्याच युद्धाचे एक पदक काशाचेही निघते. ते बहुधा मजूर व हमाल तुकड्यांतील माणसांना दिलेले असते. "आमचे आजोबा लढले नाहीत, नुसते ओझे वाहिले," असे म्हणून ते लपवू नये. ओझे वाहणारे गेले नसते तर लढणाऱ्यांना दारूगोळा आणि भाकरी मिळाली नसती.

पदकाबरोबर सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनची वही, एखादे जुने पत्र असेल तर त्यावरील क्रमांक जपून लिहून घ्या. एका पलटणीत रामजी दहा असतील, पण प्रत्येकाचा क्रमांक निराळा असतो. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांविषयी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

७. वहीत तीन रकाने

आता हे सारे लिहायचे कसे? वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात 'लिहिलेले', म्हणजे शिळा, कागद किंवा पदक यांवर जे प्रत्यक्ष आहे ते. दुसऱ्यात 'तर्काने कळलेले'. तिसऱ्यात 'ऐकलेले'.

सोमनाकाचे पान असे होईल. लिहिलेले : नाव सोमनाक, बापाचे नाव कमळनाक, हुद्दा नाईक, कोरेगावच्या लढाईतील मृतांच्या यादीत नाव. तर्काने कळलेले : महार समाजाचा, काही वर्षांची चाकरी झालेला. ऐकलेले : तुमच्या घरात किंवा गावात त्याच्याविषयी काही सांगत असतील तर ते, आणि सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख.

तिसरा रकाना कमी प्रतीचा समजू नये. आपल्या समाजाला लिहिण्यावाचण्याची बंदी होती. आपला बराच इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहिला. तो लिहून घेतलाच पाहिजे. फक्त तिसऱ्या रकान्यातील गोष्ट पुराव्यावाचून पहिल्या रकान्यात जाऊ देऊ नये. यात आपला फार मोठा लाभ-हानीचा प्रश्न आहे. आपण एक खोटा दावा केला, तर आपला द्वेष करणारे त्या एका दाव्यावर बोट ठेवून बावीस खरी नावेही खोटी ठरवू पाहतात. खरे नाव जपायचे असेल तर खोटे नाव आपणच आधी बाजूला केले पाहिजे.

आणि शोध अपुरा राहिला तर? सोमनाक आपल्याच घरचा हे सिद्ध झाले नाही, तर त्याला मानवंदना देऊ नये काय? अवश्य द्यावी. त्याचा आदर करण्यासाठी तो आपला खापरपणजा असण्याची अट नाही. रक्ताच्या नात्यावर मान ठरविणे हीच तर जातीची रीत आहे, आणि ती आपण सोडून आलो आहोत.

८. धर्मांतर आणि जुने नाव

शेवटी नवदीक्षित कुटुंबांसाठी एक विशेष सूचना. बावीस प्रतिज्ञांप्रमाणे आपण देव्हारा काढतो, टाक आणि मूर्ती घराबाहेर करतो. ते करताना पेटी आणि कोनाडा नीट पाहावा. पदक, दाखला, सनद, मोडीचा कागद देव्हाऱ्यात ठेवलेला असेल, तर तो देव नव्हे, तो पुरावा आहे. तो नदीत जाता कामा नये.

तसेच आपण नावे बदलतो. काही जण जुने आडनाव टाकून नवे घेतात, मुलांची नावे सिद्धार्थ, राहुल, यशोधरा, संघमित्रा अशी ठेवतात. हे चांगलेच आहे. परंतु शंभर वर्षांनी आपल्या पणतूने शोध घेतला, तर जुन्या कागदातील माणूस आणि नव्या नावाचे घराणे यांचा सांधा त्याला जुळवता आला पाहिजे. नाव बदलल्याचे राजपत्राचे पान जपून ठेवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर जुने नाव, नवे नाव, दीक्षेची तारीख व ठिकाण लिहा. त्याच पानावर आई, आजी आणि पणजी यांची माहेरच्या गावासह नावे लिहा. ती कोणत्याही शिळेवर सापडणार नाहीत.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते आणि लष्करी शाळेत शिकवीत होते. पलटणीने अनेक घरांत पगार आणला, तसा लिहिता-वाचता येणारा बापही आणला. त्या पाटी-पेन्सिलीतून आपल्या चळवळीची पहिली पिढी उभी राहिली. शिपायाचा शोध घेताना तो कोणाशी लढला एवढेच विचारू नका. परत आल्यावर त्याने घरात काय शिकविले, हेही विचारा.

स्वाध्याय

१. आपल्या गावात, शाळेत किंवा चावडीवर युद्धाची शिळा आहे काय ते पाहा. असल्यास तिच्यावरील मजकूर अक्षरशः, चुकांसह उतरून घ्या.

२. पुढील वेळी कोरेगावला जाल तेव्हा घरातील प्रत्येकाने स्तंभावरील एक नाव निवडावे, ते इंग्रजीत व मराठीत उतरून घ्यावे, आणि स्वतःचे नाव, बापाचे नाव व हुद्दा असे त्याचे भाग पाडावेत.

३. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून चार पिढ्यांची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या रकान्यातील आहे हे नमूद करा.

४. हा पाठ बुद्धविहारात रविवारच्या वर्गात वाचावा, आणि जमलेल्या वह्या एकमेकांना दाखवाव्यात. एकाच गावची दोन घरे शेजारी बसली, तर अडलेले नाव सुटण्याचा संभव असतो.

जय भीम.